आतोबांच्या गाडीचं ठाण

परमेश्वरानं हे जग घाईघाईत घडवलं, त्यामुळे त्यात एकही वस्तू धड सरळ राहिली नाही, आणि ही चूक ध्यानात आल्यावर त्यानं मागाहून आमच्या आतोबांना खाली पाठवलं, अशी आतोबांची अगदी प्रामाणिक समजूत होती. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. मुंबईत ट्रामला घोडे जुंपत त्या काळातली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत नुकताच चिकटलो होतो आणि गिरगावात त्यांच्याच चाळीत, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. आतोबांची उभी नोकरी गटारांच्या मोजणीत गेली. शहरातलं सांडपाणी समुद्राकडं वाहावं म्हणून कुठं किती उतार द्यायचा हे दुर्बिणीतून पाहून ठरवणारी जी टोळी असे, तिच्यात ते प्रथम पट्टी धरायला लागले आणि पुढं स्वतःच दुर्बिणीला डोळा लावू लागले. तीस वर्षं माणसानं उतारच उतार द्यावेत आणि घरी आल्यावर त्याला कशाचाच उतार खपू नये, हा नियतीचा विनोद म्हणायचा. पेन्शनीत निघताना सोबत्यांनी त्यांना एक पाणसळ भेट दिली. वीतभर लांबीची पितळी पट्टी, तिच्या मधोमध काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा नळीच्या मध्यावर थांबला की जागा सपाट समजायची. हा बुडबुडा ज्या दिवशी आमच्या घराण्यात शिरला, त्या दिवसापासून आमच्यात कुणाला स्वस्थता म्हणून लाभली नाही.

कोटाच्या उजव्या खिशात पाणसळ आणि डाव्या खिशात लाकडाच्या पाचरी, असा त्यांचा सरंजाम असे. इतर लोक पाचर मारतात ती दुसऱ्याच्या कामात. आतोबा मारत ती दुसऱ्याच्या खाटेखाली, आणि तीही न विचारता. कुणाकडं समाचाराला गेले तरी आजाऱ्याच्या नाडीआधी ते त्याच्या खाटेचे खूर पाहत. जेवायला बसले की आधी पाट तपासत, मग ताट, आणि आमटी वाटीच्या एका अंगाला किंचित जास्त चढलेली दिसली की वाढणाऱ्या बाईला थांबवून पाटाखाली पाचर सरकवत. तोवर भात निवून जाई. आत्या म्हणायची, "अहो, पोटात गेल्यावर ते कुठं सपाट राहणार आहे?" त्यावर ते गंभीरपणे उत्तर देत, "पोटात जाईपर्यंतची जबाबदारी आपली. पुढचं ते जाणे." एकदा ट्राममध्ये त्यांनी बाकावर पाणसळ ठेवली आणि कंडक्टरला बोलावून सांगितलं की, तुमची ट्राम डावीकडं कलते आहे. कंडक्टर तिकिटं फाडताफाडता म्हणाला, "मग तुम्ही उजवीकडं बसा की!" हा सल्ला आतोबांनी इतका मनावर घेतला की त्यानंतर ट्राममध्ये शिरताच ते आधी सगळ्या उतारूंची चण न्याहाळत आणि लठ्ठ माणसांना जागा बदलायची विनंती करीत. मी त्यांच्यासोबत जायचं टाळू लागलो ते तेव्हापासून.

पण कळस झाला तो माझ्या लग्नात. बोहल्यावर आम्ही दोघं उभे, मध्ये अंतरपाट, भटजींनी मंगलाष्टकांचा सूर लावलेला, सगळा मांडव अक्षता मुठीत धरून डोळे लावून बसलेला. अंतरपाट धरणाऱ्या दोघा भटजींपैकी एक ताडमाड आणि दुसरा ठेंगणा; त्यामुळे कापडाचा काठ थोडा उतरता झाला असेल, नाही असं नाही. पण माझ्या सासरच्या मंडळींपैकी कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं. तेवढ्यात, 'सावधान'च्या आदल्या ओळीला, मागच्या रांगेतून आतोबांचा खणखणीत आवाज आला, "डावी बाजू दोन बोटं वर!" सूर थांबला. ठेंगणे भटजी टाचा उंचावून उभे राहिले. "अजून थोडी," आतोबा म्हणाले, "हां, आता चालू द्या." माझी बायको हे आजवर विसरलेली नाही. आमच्या संसारात काही वाकडं घडलं की ती म्हणते, "आतोबांनी सांगितलं तेव्हाच नीट धरायला हवा होता."

अशा या माणसाला मूलबाळ म्हणून एकच, वेणू. मी तिचा मामेभाऊ, पाचसहा वर्षांनी वडील. ती मला दादा म्हणायची. आतोबा तिच्याशी दोन शब्द गोड बोललेले मी तरी ऐकले नाहीत. लहानपणी ती धावत येऊन गळ्यात पडली तर ते म्हणत, "सरळ उभी राहा." तिचं लग्न झालं तेव्हा सगळी चाळ रडली, आणि हे मात्र मांडवाचे खांब ओळंब्यात आहेत का ते पाहत हिंडत होते. सासर परळला. जावई गिरणीत कारकून, माणूस गरीब गाईसारखा; घरात खरी सत्ता विहीणबाईंची. त्या मूळच्या मालवणकडच्या, अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी, आणि आळीतली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. वेणूवर त्यांची मायाही तेवढीच. कारण पोरीच्या नशिबानं दोनदा दगा दिला होता. दोन्ही वेळा पाच महिन्यांचं होऊन गेलं. आता तिसऱ्या खेपेला सातवा लागला होता आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की, हिला आडवीच ठेवा, आणि हिसका बसेल असं काही एक करू नका. आपल्याकडं बाळंतपणाला पोर माहेरी आणतात. दोनदा ती वेळच आली नव्हती. आत्या दिवसरात्र एकच म्हणत असे, "ह्या खेपेला माझी वेणू माझ्याजवळ हवी." वेणूचेही निरोपावर निरोप येत होते की, आई, मला घेऊन जा, मला फार भीती वाटते. आणि ती भीती इथं येईपर्यंत जायची नाही, हे विहीणबाईंनाही कळत होतं. पण परळपासून गिरगावापर्यंतचा दोन कोसांचा रस्ता म्हणजे कापसाच्या गाठी वाहणाऱ्या खटाऱ्यांनी नांगरलेलं शेत होतं. त्या रस्त्यावरून आडवी होऊन ती यायची कशी, हा प्रश्न होता.

भाड्याच्या घोडागाडीत, व्हिक्टोरियात, माणसाला बसावं लागतं. आगगाडीतही तेच, शिवाय स्टेशनापर्यंत चालणं आलंच. आत्यानं मेणा सुचवला. आतोबा म्हणाले, "चार भोई एका उंचीचे मिळणार आहेत का?" झालं, मेणा बारगळला. मग एक दिवस कचेरीतून परत येतो तो चाळीच्या अंगणात एक चारचाकी गाडी उभी. पुढं गाडीवानाची उंच बैठक, मागं फळ्यांचा उघडा साटा, दोन्ही बाजूंना हातभर उंचीच्या फळ्या, आणि त्यांवर पिवळ्या रंगात कधीकाळी रंगवलेली बाटली. बंद पडलेल्या एका सोडावॉटरच्या कारखान्याची ती माल वाहायची गाडी. आतोबा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते. मला पाहून म्हणाले, "साटा पाहिलास? वेणू पाय पसरून निजेल आणि शिवाय तिची आई शेजारी बसेल." मी म्हटलं, "आतोबा, सोडावॉटरच्या गाडीतून लेक माहेरी आणणार?" ते म्हणाले, "गाडी कसली ते तिला निजल्यावर कळत नाही. तिला फक्त ठाण कळतं, गाडी उभी कशी राहते ते. आणि ह्या गाडीचं ठाण बिघडलं आहे." ते मात्र खरं होतं. वर्षानुवर्षं बाटल्यांचं ओझं वाहून मागच्या कमानी बसल्या होत्या. पुढून छाती काढलेली आणि मागून बसकण मारलेली अशी ती उभी होती, जणू आता उठतच नाही म्हणून रुसलेली म्हैस.

त्यानंतरचे तीन आठवडे गिरगावातल्या आमच्या आळीला दुसरी करमणूक लागली नाही. पहिले दोन दिवस गाडी बाजूलाच राहिली, कारण अंगणच सपाट नाही असा शोध लागला. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून ते मोरीकडं उतरतं केलेलं होतं, आणि गंमत अशी की तो उतार पूर्वी आतोबांनीच घरमालकाला काढून दिला होता. मग चार चाकांखाली चार फरश्या आल्या, त्यांच्याखाली पाचरी आल्या. मग लालबागचा एक लोहार आला. हा लोहार अबोल आणि मान हलवण्यात वाकबगार होता. कमान म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. जितक्या पट्ट्या जास्त तितकं ओझं कमान पेलते आणि गाडी उचलून धरते. आतोबा म्हणाले, मागं एकेक पट्टी वाढवा. लोहारानं वाढवली. बुडबुडा हलला पण मध्यावर येईना. दुसरी वाढवली. लोहार म्हणाला, "रावसाब, लई ताठ हुईल." आतोबा म्हणाले, "ताठ म्हणजेच सरळ." लोहारानं मान हलवली आणि तिसरी पट्टी उचलली.

पण रिकामी गाडी सपाट असून काय उपयोग? ओझ्याखाली ती कशी उभी राहते ते पाहायला हवं. आत्याला तिच्या जागी बसवलं. वेणूच्या जागी कोण? चाळभर नजर फिरवून आतोबांनी मला निवडलं, कारण मी अंगानं किरकोळ होतो. रविवारचा दिवस, चारही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या, आणि मी, फोर्टातला कारकून, सोडावॉटरच्या गाडीत गादीवर उताणा. पोटावर आतोबांनी एक पाचशेरी ठेवली. "हे काय?" म्हटलं, तर म्हणाले, "सातवा आहे." वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय लागतंय हो खावंसं?" सगळी चाळ हसली. मी उठू लागलो तर आतोबांनी दरडावलं, "हलू नकोस! आणि श्वास जरा बेतानं घे, बुडबुडा नाचतोय." आत्या पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसताहसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. असे तीन रविवार मी गरोदर राहिलो. तिसऱ्या रविवारी, दोन्ही मागच्या कमानींना चारचार पट्ट्या चढल्यावर, बुडबुडा नळीच्या मध्यावर येऊन थांबला आणि थांबूनच राहिला. आतोबा दहा पावलं मागं गेले, एक डोळा मिटला, आणि हळूच म्हणाले, "हे ठाण." त्यांचा चेहरा असा फुललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी गाडी दिसतही होती देखणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याचा घोडा आणि गाडीवान घेऊन आम्ही दोघं परळला गेलो. विहीणबाईंनी आधी गाडी पाहायची आणि पसंत पडली तरच सून पाठवायची, असं ठरलेलं होतं. घाईही होती. विहीणबाईंनी दारातच सांगितलं, "परवा आठवो लागता. आठव्यात गरवार बाईक आमी घराभायर काढणव नाय. न्यायची तर उद्यापर्यंत." खिडकीशी लावलेल्या खाटेवर, गजांमागं, वेणूचा चेहरा दिसत होता. किती वाळली होती पोर! आतोबांनी तिकडं एकदा पाहिलं आणि लगेच पाणसळ काढून साट्यावर ठेवली. "पाहा," ते विहीणबाईंना म्हणाले, "केसाइतका फरक नाही." विहीणबाईंनी बुडबुड्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, स्टुलावर पाय ठेवून त्या साट्यात चढल्या, गादीवर आडव्या झाल्या आणि गाडीवानाला म्हणाल्या, "चल, नाक्यापर्यंत."

गाडी नाक्यापर्यंत गेली आणि परत आली. जाताना आणि येताना त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. तो काही खुशीचा नव्हता. त्या उतरल्या तेव्हा दोन बायकांनी त्यांना धरलं होतं. कमरेवर हात ठेवून त्या आतोबांपुढं उभ्या राहिल्या. "व्याह्यांनू, गाडी तुमची सरळ झाली, पण माझी कंबर वाकडी झाली, तेचा काय? एकेक धोंड्यावर मी वर उडतंय आणि खाली आपटतंय. माझ्या सुनेक मी ह्या गाडयेत घालूचंय नाय." आतोबा म्हणाले, "पण ती पूर्ण पाणसळीत आहे हो!" विहीणबाई म्हणाल्या, "पाणसळीक पोर होवचा नाय. माझ्या सुनेक होवचा आसा." मला हसू येत होतं, ते खिडकीकडं पाहिलं आणि गेलं. वेणूनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

परतताना आतोबांनी लालबागला लोहाराच्या दारात गाडी थांबवली आणि म्हणाले, "गाडी हिसके देते म्हणतात." लोहार हातोडा खाली ठेवून बाहेर आला. तीन आठवडे तो जे पोटात धरून बसला होता ते आता त्यानं बोलून टाकलं. "रावसाब, कमान कशाला असती? वाकायला. चाक धोंड्यावर चढलं की हिसका कमानीनं खायचा, माणसानं न्हाई. तुमी तिला इतक्या पट्ट्या चढवल्या की ती आता वाकतच न्हाई. मग हिसका कुणी खायचा? आतल्या माणसानं. पटत नसंल तर तुमीच निजून बगा." आतोबा खरोखरच निजले. साठीच्या घरातला तो करारी माणूस सोडावॉटरच्या गाडीत हात छातीशी धरून आडवा झाला आणि गाडीवानानं त्याला भर बाजारातून एक फेरी मारून आणलं. उतरल्यावर ते बराच वेळ पाठ चोळत उभे होते. त्यांच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. इतके दिवस आपण लेकीसाठी काय तयार करत होतो, ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

"काय करायचं?" त्यांनी विचारलं. लोहार म्हणाला, "चढवल्या तेवढ्या काढायच्या, आणि जुन्यातल्याबी दोनदोन. त्या बाटल्यांच्या वजनाला केल्यात, पोरीच्या न्हाई." "मग मागून बसेल." "बसंल." "किती?" लोहारानं चार बोटं दाखवली. खाली लाकडी ठोकळे देऊन गाडी उचलता येईल, पण त्याला लांब बोल्ट घडवावे लागतील आणि त्याला दोन दिवस तरी हवेत, असंही तो म्हणाला. दोन दिवस नव्हते. आतोबांनी खिशातली पाणसळ बाहेर काढली, तिच्याकडं पाहिलं आणि परत आत ठेवली. मग कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि लोहारासोबत स्वतः गाडीखाली शिरले. ऊन उतरेपर्यंत पट्ट्या निघत होत्या. सगळं झाल्यावर ते पुन्हा एकदा साट्यात आडवे झाले आणि फेरी मारून आले. उतरून दहा पावलं मागं गेले, सवयीनं एक डोळा मिटला, आणि पाहत राहिले. गाडी पहिल्या दिवसापेक्षाही जास्त बसली होती. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "चालेल." हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यालाही घेऊन आम्ही परळला पोहोचलो. विहीणबाई पुन्हा साट्यात चढल्या, पुन्हा नाक्यापर्यंत जाऊन आल्या, आणि या खेपेला एकट्याच उतरल्या. आतोबांनी मान खाली घालून म्हटलं, "मागून थोडी उतरती आहे, त्याला आता इलाज नाही." विहीणबाईंनी गाडीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं. "अहो, बरा केलात! तिचा डोकां मागं घालूया, म्हंजे पाय वर रवतले. डाक्तर तरी काय सांगता? पाय वर नि डोकां खाली. मी उशयो काढून ठेवलंय पायांखाली घालूक, त्येंची आता गरजच नाय." आतोबा उभे राहिले ते राहिलेच. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "सपाट नकोच होतं?" तीन आठवडे आम्ही पाणसळ लावली, माझं बाळंतपण तेवढं व्हायचं राहिलं होतं, पण आडवं म्हणजे नेमकं कसं, हे त्या बाईला विचारायचं आमच्यापैकी एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

वेणूला चौघींनी उचलून आणून गादीवर निजवलं. आत्या तिच्या शेजारी बसली. मला आतोबांनी गाडीवानाजवळ वर बसवलं, कारण पुढं वजन हवं होतं. ते स्वतः काही चढेनात. "या ना वर," मी म्हटलं. "माझ्या वजनानं आणखी बसेल," म्हणाले आणि चाकाशेजारून चालू लागले. विहीणबाई दारात उभ्या होत्या. एवढी खमकी बाई, पण पदरानं डोळे पुसत होती. लालबाग गेलं, चिंचपोकळी गेली. गाडीवानानं घोडा पावलापावलानं चालवला. रस्त्यानं जाणारे-येणारे थांबून पाहत. भायखळ्याला एक व्हिक्टोरियावाला हसत ओरडला, "अहो, गाडी मागून बसलीय!" आतोबांनी त्याला ठणकावून सांगितलं, "ती तशीच हवी आहे!" गिरगावात शिरलो तेव्हा तीन रविवार आमचा तमाशा पाहिलेली मंडळी गॅलऱ्यांत जमली होती, आणि गाडी पूर्वीपेक्षा वाकडी होऊन आलेली पाहून त्यांना हसू आवरेना. कुणीतरी म्हणालं, "काय आतोबा, बुडबुडा कुठं सांडला?" त्यांनी वर पाहिलं नाही. आत्यानं वेणूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला आत नेऊन निजवलं, आणि मग आतोबा पायरीवर बसले आणि जोडे काढले. दोन कोस मी पुढं बसून आलो होतो. मला वाटलं, चालून दमले असतील.

दीड महिन्यानं वेणूला मुलगी झाली. जरा लवकरच झाली, पण रडली मात्र मोठ्यानं. विहीणबाई परळहून धावत आल्या आणि त्यांनी व्याह्यांच्या हातावर स्वतः साखर ठेवली. आतोबा त्यानंतर दहा वर्षं होते. पाणसळ, पाचरी, ट्राममधली विनवणी, सगळं पूर्ववत चालू राहिलं. मोटारगाड्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा ते नव्हते. असते तर मुंबईतल्या एकाही मोटारवाल्याला त्यांनी सुखानं जाऊ दिलं नसतं. आमच्या घरी चार माणसं जमली की मी हटकून त्यांची नक्कल करतो. अंतरपाट, पाचशेरी, 'श्वास बेतानं घे', सगळं साग्रसंगीत. लोक पोट धरून हसतात.

यंदाच्या भाऊबीजेला वेणूकडं गेलो तेव्हाही तिच्या नातवंडांनी हट्ट धरला म्हणून मी सुरू केलं. चालताचालता 'ती तशीच हवी आहे!' हे आतोबांच्या आवाजात म्हणून दाखवलं. पोरं हसली. वेणूही हसली. तिचे केस आता पार पांढरे झाले आहेत. पोरं पांगल्यावर ती म्हणाली, "दादा, तू पुढं बसला होतास, तुला कसं दिसणार? मी उताणी पडले होते. बाजूच्या फळीच्या वर मला बाबांची नुसती पगडी दिसायची. मध्येच ती खाली जायची आणि दिसेनाशी व्हायची. मग धोंडा बाजूला टाकल्याचा आवाज यायचा. मग गाडी पुढं निघून गेलेली असायची, म्हणून ते धावत यायचे, आणि पगडी पुन्हा वर यायची. परळपासून घरापर्यंत हेच. मला इतकी भीती वाटत होती, दादा, की मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. पगडी वर आली की मनात म्हणायचे, एवढा रस्ता पार पडला."

ते दोन कोस आतोबा माझ्यापासून चार हातांवर वाकत होते, धावत होते, आणि मी वर बसून, कचेरीतलं कुणी ओळखीचं पाहील म्हणून, छत्री उघडून तोंडापुढं धरली होती.